शेवटच्या टोपलीतलं रेशीम

बाई खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. सरळ खिडकीकडं गेल्या, पडद्याची कड अंगठ्याखाली चोळली आणि मला विचारलं, "हे मुळात काय आहे?"

मी म्हटलं, पडदा.

"ते तुम्ही त्याला लावलेलं काम झालं. मी वस्तू काय आहे ते विचारतेय."

आता ओतूरमध्ये साड्यांचं दुकान चालवणाऱ्या आणि वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं द्यायला निघालेल्या बाईनं याला काय उत्तर द्यावं? माझी जुनी साडी होती ती, मधोमध फाडून शिवलेली. तसं सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम निवळला. "मग बरोबर," म्हणाल्या, आणि खोली ठरली. नळाला पाणी कधी येतं, संडास कुठं आहे, काही विचारलं नाही. मी नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं, ही बाई डोक्यानं जरा पुढं गेलेली आहे, सांभाळून राहा.

त्या गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. वरची खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. नवरा म्हणतो भाडं बुडतंय. बुडू दे.

उभी हयात त्यांनी मुंबईच्या बंदरावर काढली, कस्टममध्ये. जगातल्या प्रत्येक वस्तूला म्हणे एक आकडा असतो आणि त्या आकड्यावर तिची जकात ठरते. पेटी उघडायची, आतला माल हातात घ्यायचा आणि तो कुठल्या आकड्यात बसतो ते ठरवायचं, हे बाईंचं काम. त्यांच्या वाट्याला रेशीम आलं. त्या आकड्यांच्या मोठ्या ग्रंथात रेशमाचा पन्नासावा अध्याय आहे. कोषापासून सुरू होतो, मग कच्चं रेशीम, मग सूत, आणि कापडाला येऊन संपतो. बाईंना तो तोंडपाठ होता. आमच्या गल्लीत कुणी पोथी लावली की म्हातारे मुद्दाम विचारायचे, "बाई, आज पन्नासावा का?" बाई अजिबात न हसता म्हणायच्या, "आज नाही. आज बासष्टावा. शिवलेले कपडे."

लग्न केलं नव्हतं. मुंबईत भाऊ होता, त्याच्याकडं न राहता इकडं का आलात, असं मी एकदा विचारलं. निवृत्तीनंतर त्या कुणाबरोबर तरी नाणेघाट बघायला आल्या होत्या. तिथं तो दगडी रांजण आहे, जुन्या काळी घाटातून जाणाऱ्या मालाची जकात त्यात टाकायचे म्हणतात. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. बाईंनी चप्पल काढून हात जोडले. "आमचं सगळ्यात जुनं ऑफिस," असं मला त्यांनी सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर ओतूरला उतरून खोली शोधायला लागल्या. मला अजूनही वाटतं की माणसं राहायची जागा याहून वाईट कारणांनी ठरवतात.

गळ्यात कायम शिंप्यासारखा टेप. पिशवीत काडेपेटी. या दोन गोष्टींशिवाय त्या भाजी आणायलासुद्धा बाहेर पडल्या नाहीत. टेपनं काय मोजायच्या? काहीही. माझ्या दुकानात चौकोनी रेशमी स्कार्फ आले होते, कॉलेजच्या पोरी गळ्याला बांधतात तसले. बाईंनी एक टेबलावर पसरला, सुरकुती हातानं काढली, पण ताणला नाही. कापड मोजताना ओढायचं नाही हा त्यांचा कडक नियम. मोजून म्हणाल्या, "हा स्कार्फ नाही, हातरुमाल आहे. चौकोनी असेल आणि एकही बाजू साठ सेंटिमीटरच्या वर नसेल तर रुमाल."

"अहो, पण पोरी गळ्यात घालतात."

"घालू देत. रुमाल गळ्यात घातल्यानं स्कार्फ होत नाही."

बोटभर ओढला असता तर झाला असता की स्कार्फ, मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडं अशी काही नजर टाकली की मी गुपचूप घड्या घालायला लागले.

काडेपेटीचं प्रकरण तर माझ्या पोटावरच आलं होतं. लग्नसराईचे दिवस, दुकानात एक पार्टी बसलेली, मुलीची आई, मावशी, आत्या. मी साडी उलगडून दाखवतेय आणि सवयीनं बोलतेय, प्युअर सिल्क, काकू, हात लावून बघा. नेमक्या त्याच वेळी बाई वरून खाली आल्या. पदराच्या गोंड्यातला एक धागा त्यांनी सोडवून घेतला, काडी ओढली, धागा पेटवला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. बाईंनी तो मणी काकूंच्या तळहातावर ठेवला. "पॉलिस्टर," म्हणाल्या. पार्टी उठून गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना. दुकान माझं, भाडेकरू तुम्ही, धंदा माझा बसवायला आलात का? बाई सगळं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी तीच साडी उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही रोज धुता येते. चटकन वाळते. इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, कसर लागत नाही. इतकी गुणाची वस्तू तुम्ही दुसऱ्याच्या नावावर का खपवता? मला दोन द्या." आणि खरंच दोन घेतल्या, रोज नेसायच्या. त्यानंतर मी दुकानातली फळी वेगळी केली, रेशीम इकडं, पॉलिस्टर तिकडं. आज आळ्याहून, जुन्नरहून बायका येतात आणि म्हणतात, हिच्या दुकानात जे सांगतात तेच निघतं. हे श्रेय माझं नाही, बाईंचं आहे, आणि ते मी त्या असताना त्यांना कधी दिलं नाही कारण त्यांनी ते घेतलं नसतं.

काहीच घ्यायच्या नाहीत त्या. हा त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा. शेजारच्या हळदीकुंकवाला गेल्या तर कुंकू लावून घेत, वाण घेत नसत. बायका दुखावायच्या. मागच्या दारचा पेरू दिला तरी दुसऱ्या दिवशी बाजारातून तेवढाच पेरू आणून ठेवायच्या. माझ्या स्वयंपाकघरात त्यांचा एक वेगळा चहा-साखरेचा डबा होता. माझ्याकडं बसून चहा प्यायचा असेल तर आधी सांगायच्या, "माझ्या डब्यातला करा." सुरुवातीला मला अपमान वाटला. मग एकदा त्यांनी सांगितलं की नोकरीला लागल्या लागल्या कुणी तरी घरी आंब्याची पेटी पाठवली होती. त्या माणसाचा माल दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं येणार होता. बाईंनी ती पेटी उचलून बस बदलत बदलत त्याच्या घरी नेऊन टाकली. "एक आंबा खाल्ला असता ना, तर त्याच्या मालाला हात लावताना मला माझ्याच बोटांचा भरवसा राहिला नसता." नोकरी संपली तरी बोटं तीच होती, त्यामुळं नियमही तोच राहिला.

आता धाकटीचं सांगते. माझी धाकटी बहीण घोडेगावच्या पुढं डोंगराकडच्या एका गावात दिलेली आहे. रेशमाच्या अळ्या पाळायचं प्रशिक्षण घेऊन आली आणि घरी तुती लावायचं म्हणाली. पण तिची एक अट होती. रेशीम काढायचं तर कोष उकळावे लागतात, आतला जीव मरतो. ते तिनं प्रशिक्षणात बघितलं आणि दोन घास जेवली नाही. तिनं ठरवलं, पाकोळीला कोष फोडून बाहेर येऊ द्यायचं, मग मागं राहिलेल्या रिकाम्या कोषाचं सूत कातायचं. भोक पडलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, कापसासारखा पिंजून कातावा लागतो. काम चौपट. पण डेन्मार्कमधल्या एका दुकानदार बाईनं फोटो बघून तिला लिहिलं, मला असंच सूत पाहिजे, ज्यात एकही जीव गेलेला नाही असं.

धाकटीचे सासरे, तात्या, म्हणजे पक्का कांदेवाला माणूस. ओढ्याकाठचं रान, घरातलं सगळ्यात चांगलं, त्यांनी सुनेच्या तुतीला दिलं, पण एका बोलीवर. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तुझा माल परदेशी गेला तर तुती राहील, नाही तर उपटून कांदा. धाकटीचा जीव त्या तुतीत अडकला होता. तिच्या हातानं लावलेलं घरात दुसरं काहीच नव्हतं.

पुण्याचा एजंट म्हणाला, कागदावर नुसतं 'रेशमाचं सूत' लिहा, कोण बघतंय. मला पटलं होतं. पण माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर पन्नासावा अध्याय राहत होता, म्हटलं एकदा विचारून घेऊ. बाई म्हणाल्या, "न बघता कसं सांगू?" म्हणून एका रविवारी जुन्नरला बस बदलून आम्ही घोडेगाव गाठलं आणि तिथून पुढं.

बाईंनी ओसरीत बसून तीन टोपल्या मागून घेतल्या आणि धाकटीचे सगळे कोष निवडायला घेतले. निवडताना त्यांचे हात बघण्यासारखे असत. डोळे दुसरीकडं, बोटंच काम करत. पहिली टोपली पाटावर: अख्खे, बंद, सलग धागा निघेल असे. ते मूठभरच निघाले, ज्यातून पाकोळी बाहेर आलीच नव्हती ते. दुसरी पायरीवर: अख्खे पण डागाळलेले. तिसरी टोपली ठेवायला जागा उरली नव्हती, ती त्यांनी खाली ठेवली, केरसुणीच्या शेजारी. भोकाचे, चेपलेले, वरचा चोथा, तुटकी सुतं, सगळं तिच्यात. ती भरून वाहायला लागली.

तात्या रानातून येऊन मघापासून उभे होते. म्हणाले, "बाई, ह्या खालच्या टोपलीत काय?"

"भोक पडलेले. धागा सलग निघत नाही. कस्टमच्या हिशेबात हे टाकाऊ रेशीम. याचं सूतसुद्धा वेगळ्या आकड्यात जातं, टाकाऊपासून कातलेलं म्हणून."

"म्हंजी आमच्या सूनबाईचं समदंच."

"हो. जवळजवळ सगळं."

बसची वेळ सांगावी तसं सांगितलं हो बाईंनी. तात्या केरसुणीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या टाकाऊसाठी मी वड्याकाठचं रान आडकवून ठिवलंय व्हय." आणि टोपी उचलून बाहेर गेले. धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

परतताना बसमध्ये मी बाईंवर चिडले. जरा मऊ सांगता आलं नसतं का?

"मऊ सांगितलं असतं तर कोषाचं भोक बुजलं असतं का?"

मी जुन्नर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचं पीक कोषावर आलं तेव्हा धाकटी एका लग्नासाठी माझ्याकडं ओतूरला आली होती. परत गेली त्याच दिवशी तिचा फोन आला. आधी नुसताच श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "ताई, वाजतायत गं."

"काय वाजतंय?"

"कोष. कानाशी हलवले की आत वाजतायत. खुळखुळ्यावानी."

तात्यांनी केलं होतं. सून लग्नाला गेली होती तेवढ्यात त्यांनी सगळे कोष काढले, पत्र्यावर पसरले आणि एप्रिलच्या उन्हात चांगले कडक वाळवले. मधून मधून हातानं फिरवले, उलटे केले, कांदा वाळवतात तसे. आतले जीव आतच वाळून गेले. सून आली तेव्हा टोपली पुढं करून म्हणाले, "एकालाबी भोक न्हाई. आता बसव म्हनावं त्यास्नी पयल्या टोपलीत." चोरून काही करायचं नव्हतं त्या माणसाला. सुनेचा माल खालच्या टोपलीत गेला तो त्यांच्या जिव्हारी लागला होता, बस.

मी वर जाऊन बाईंना सांगितलं. त्या दूध तापवत होत्या. गॅस बंद करून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "माझं चुकलं नाही." मी दुधावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "पण माझ्यामुळं झालं." आणि पिशवी घेऊन जिना उतरायला लागल्या. एरवी बसमध्ये त्या समोरच्याच्या शर्टाचं कापड मला ओळखायला लावायच्या. त्या दिवशी घोडेगावपर्यंत एकाही शर्टाकडं बघितलं नाही.

तात्या ओट्यावर बसले होते. शेजारी ती टोपली. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या. एरवी त्या बसायची जागा आधी पदरानं झटकायच्या. टोपलीतला एक कोष उचलला, फिरवला, कानाशी नेला आणि परत ठेवला.

तात्यांनी विचारलं, "हे कुठल्या टोपलीतलं?"

"पहिल्या. एक नंबर."

तात्यांनी मान हलवली. त्यात आनंद काही नव्हता. म्हणाले, "मला वाटलं कांद्यावानी असंल. कांदा नीट वाळला की त्येला कोंब येत न्हाई. माझ्या डोस्क्यात समदा कोंबच व्हता, बाई. आत जीव हाय ह्ये ध्यानातच आलं न्हाई." मग म्हणाले, "रोज सकाळी पंचशील म्हनतो मी. पयलंच त्ये हाय, जीव मारायचा न्हाई. आज म्हनायला तोंड उगडंना."

मला वाटलं बाई आता काही तरी समजुतीचं बोलतील. त्या उठून कांद्याच्या चाळीपाशी गेल्या. वाकून बघितलं आणि विचारलं, "तात्या, ही लहान लहान वेगळी का काढली?"

"ती गोल्टी."

"खराब असते?"

"खराब कशी आसंल? लहान असती. मोठ्यात मिसळली तर येपारी समदी गोणी बाद करतोय. न्यारी ठिवली की तिचं तिचं गिऱ्हाईक येतंय."

"भोकाच्या कोषाचंही आहे. डेन्मार्कला बसलंय. त्या बाईला तोच पाहिजे. अख्खा तिच्या काही कामाचा नाही."

तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मंग त्येला टाकाऊ का म्हनलात?"

बाईंना उत्तर द्यायला वेळ लागला. हे मी पहिल्यांदा बघत होते. "तो अध्याय ज्यांनी लिहिला त्यांना सलग धाग्याचं कौतुक होतं, तात्या. उडून गेलेल्या पाकोळीसाठी त्यांनी रकाना ठेवलाच नाही. मला ठेवता येत नाही. येत असता तर ठेवला असता." मग खाली बघून म्हणाल्या, "आणि टोपली मी केरसुणीपाशी ठेवायला नको होती. तेवढीच जागा होती, पण नको होती."

एवढ्यात धाकटी बाहेर आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण ती हिशेबी आहे. हे पीक सोडलं तर डेन्मार्कच्या मागणीएवढं सूत होत नव्हतं आणि पावसाळा जवळ आला होता. तिनं सरळच विचारलं, "बाई, ह्याचं बी पिंजून सूत काढलं आन् त्यात मिसळलं, तर कुणाला कळंल?"

"कुणालाही नाही. मलासुद्धा कळणार नाही."

"मग?"

"कस्टमची काही हरकत नाही. पण त्या बाईंनी मागितलंय ते हे नाही. पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माल तुमचा आहे."

धाकटीनं तात्यांकडं बघितलं. तात्या जागचे उठले. टोपली उचलली, खोरं घेतलं आणि ओढ्याकडं चालायला लागले. आम्ही मागं मागं गेलो. तुतीच्या बांधाला त्यांनी खड्डा काढला, सगळे कोष त्यात ओतले, वरून माती लोटली आणि हात जोडून उभे राहिले. ओठ हलत होते. बाईंनीही हात जोडले. परत वळताना तात्या सुनेला म्हणाले, "पावसाच्या आदी आनखी एक पीक निघंल का?"

"निघंल, पण पाला तोडायला मानूस पायजे. अळ्या दिवसभर खात्यात."

"मी हाय की."

आणि खरंच, महिनाभर त्या माणसानं दुसरं काही केलं नाही. धाकटी फोनवर सांगायची, तात्या अळ्यांशी बोलतात, खा गं बायांनो म्हणतात. पाकोळ्या निघायला लागल्या तेव्हा तर सकाळी सकाळी चूळ न भरता बघायला जाऊन बसायचे. बाई दर रविवारी जात होत्या, स्वतःच्या तिकिटानं, स्वतःचा डबा घेऊन. निवड करताना आता त्यांच्या तिन्ही टोपल्या एकाच सतरंजीवर असत, एका रांगेत.

सूत वेळेत पूर्ण झालं. कागदावर बाईंनी स्वतः लिहिलं, टाकाऊ रेशमापासून कातलेलं सूत, आणि त्याचा जो आकडा होता तो. एजंट कुरकुरला की एवढं खरं कोण लिहितं. माल कुठंही अडकला नाही. डेन्मार्कच्या बाईनं सूत मिळाल्याचं कळवलं आणि पुढच्या वर्षासाठी आणखी मागितलं. तुती राहिली. तात्यांनी ओढ्यापलीकडचा तुकडाही धाकटीला देऊन टाकला. त्याला बोली काही घातली नाही.

पावसाळा सरल्यावर एका बाजारच्या दिवशी तात्या ओतूरला आले. कांद्याचा भाव विचारून सरळ आमच्याकडं, काखेत पिशवी. जिना चढायला त्यांना जड जात होतं तरी वर गेले. मीही मागून गेले, मला राहवेना. बाई खिडकीपाशी वाचत बसल्या होत्या. तात्यांनी पिशवीतून एक शाल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. धाकटीनं थोडं सूत मागं ठेवून येवल्याच्या विणकराकडून विणून आणली होती. रंग दिलेला नव्हता. लोण्यासारखा तिचा मूळचाच रंग, आणि मध्ये मध्ये सुताच्या बारीक गाठी.

"घ्या."

"तात्या, मी कुणाचं काही घेत नाही."

"ठावं हाय मला. म्हनून तर शेवटच्या टोपलीतलं आणलं." तात्यांच्या मिशीत हसू होतं. बसमध्ये बसून घोकून आले असणार. "तुमीच म्हनला व्हता टाकाऊ हाय. टाकाऊ घेतल्यानं कुनाचं काय घेतल्यावानी व्हत न्हाई."

मला वाटलं, आता मात्र म्हातारीला बरोबर धरलं. बाईंनी शाल जवळ ओढली. कड अंगठ्याखाली चोळली. दशीतला एक धागा सोडवला, काडी ओढली, पेटवला. खोलीभर केस जळल्याचा वास सुटला. राख बोटात चुरून बघितली. मग शाल टेबलावर पसरून टेपनं मोजली, जराही न ताणता. तात्या हात मांडीवर ठेवून बसले होते.

"चुकताय तुम्ही," बाई म्हणाल्या. "सूत असेपर्यंत दोन वेगळे आकडे. विणलं की एकच. अख्ख्या कोषाचं आणि भोकाच्या कोषाचं, दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं आहे. ही शेवटच्या टोपलीतली नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे ही रेशमी शाल आहे. रेशमाच्या मागं-पुढं दुसरा शब्द लावायचा नाही."

तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "हे सूनबाईला जाऊन सांगतो मी." आणि शालीची घडी घालायला लागले. "मंग आता तुमी घेनार न्हाई. टाकाऊ असती तर घेतली असती."

"टाकाऊ म्हणून मी कधीच घेतली नसती," बाई म्हणाल्या.

त्यांनी तात्यांचा हात धरून घडी थांबवली. गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. मी त्यांचा गळा टेपशिवाय पहिल्यांदाच बघत होते. शाल उलगडून खांद्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी पुढं नीट ओढून घेतली.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चहा ठेवा तिघांचा."

मी नाक ओढत विचारलं, "तुमच्या डब्यातला?"

"नाही. तुमच्या डब्यातला."